वाचक विचारतात : साइटवरचा बूट तळाकडून पारखा

बांधकामावर पायात काय घालावं, यावर आम्ही प्रश्न मागवले होते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिक्कोडी, अथणी अशा सगळीकडून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. बहुतेकांच्या मनात सुरक्षेचा बूट म्हणजे पुढची लोखंडी टोपी, एवढंच आहे. टोपी हवीच, पण घरबांधणीच्या साइटवर पायाला धोका जास्त करून खालून येतो. फळीतला खिळा असतो, ओलं काँक्रीट असतं, पावसातला निसरडा उतार असतो. म्हणून तळाबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे अठरा माणसं आहेत, दोन मजली घरांची कामं घेतो. बेळगावच्या उद्यमबागेत बूट बघितले. साडेपाचशेपासून दोन हजारांपर्यंत भाव आहेत. दुकानदार म्हणतो, सगळ्यांत लोखंड आहे, कुठलाही न्या. काय बघून घ्यावं? सगळ्यांना एकच चालेल का?
— गुत्तेदार, खानापूर तालुका

उत्तर : भाव विचारायच्या आधी बूट हातात घ्या आणि नाडीखालच्या जिभेच्या आतल्या बाजूचा छाप वाचा. तिथं 'आयएस १५२९८' हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि त्यापुढं 'भाग २' असायला हवं. यातला 'भाग २' महत्त्वाचा. भाग २ च्या बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तरी आत बोटांपुरती जागा उरते. शिवाय १५ किलोन्यूटनचा दाब, म्हणजे जवळजवळ दीड टनाचा भार, तिला झेलता आला पाहिजे. भाग ३ मधली टोपी त्याच्या निम्मा आघात सोसते आणि भाग ४ च्या बुटाला टोपीची अटच नाही. तिन्ही बूट दिसायला सारखे असू शकतात आणि दुकानात एकाच फळीवर मांडलेले असतात.

मग आयएसआयचं चिन्ह बघा. २०२० च्या केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं अशा बुटांना ते सक्तीचं केलं आहे. चिन्हाच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' ॲप मोबाइलवर घेऊन तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या मालासाठी आणि चालू आहे की संपला, हे दुकानातच कळतं. साडेपाचशेच्या बुटावर हे सगळं जुळलं तर तो जरूर घ्या. जुळलं नाही तर दोन हजारांचाही नको.

छापातली पुढची अक्षरं कामाप्रमाणे निवडायची. 'एस१' म्हणजे बंद टाच, तेलाला टिकणारा तळ, टाचेत धक्का शोषणारा थर. 'एस१पी' म्हणजे त्यातच खिळा अडवणारा पडदा. 'एस२' मध्ये वरचं चामडं काही वेळ पाणी बाहेर अडवतं, पण खिळ्याला अडवणारं काही नसतं. 'एस३' मध्ये पाणी आणि खिळा दोन्हींचा विचार आहे आणि तळाला खोल खाचा आहेत. 'एस५' म्हणजे टोपी, खिळारोधक पडदा आणि खाचा असलेला गमबूट.

खानापूरसारख्या पावसाच्या तालुक्यात पाया खणणारे, सेंट्रिंगवाले (काँक्रीटसाठी फळ्यांचे साचे बांधणारे-खोलणारे), सळी बांधणारे आणि सामान वाहणारे यांना एस३ द्या, घोट्यापर्यंतचा. उन्हाळी कामात, आणि पूर्वेकडे अथणी-रायबागच्या कोरड्या उन्हात एस१पी पुरतो. तो जरा हलका असतो आणि पायाला कमी घाम येतो. परांचीवर उभं राहणाऱ्या गवंड्याला जाड, ताठ तळाचा बूट देऊ नका. बांबूवर किंवा पाइपावर पाय कुठं टेकला हे त्याला तळव्यातून कळावं लागतं. त्याला दुहेरी घनतेच्या (आत मऊ, बाहेर कठीण) पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लॅस्टिकच्या तळाचा हलका बूट बरा, मात्र टाच वेगळी, पुढून काटकोनात कापलेली हवी. शिडीची पायरी त्या खोबणीत अडकते. सपाट, सलग तळ पायरीवरून सटकतो.

तेव्हा अठरा जणांना एकच बूट नको. अठरा जोड एस३, त्यात गवंड्यांचे वर सांगितलेल्या हलक्या तळाचे, आणि काँक्रीटमध्ये उतरणाऱ्या सात-आठ जणांना नावानिशी एस५ गमबूट, असा हिशेब ठेवा. गमबूट सामाईक ठेवले की एकाच्या पायाची बुरशी सगळ्यांना लागते. आणि अठरा जोड एकदम उचलू नका. दोन प्रकारचे दोन-दोन जोड आणा, वेगवेगळ्या कामाच्या चौघांना आठवडाभर घालायला द्या, तक्रारी ऐका, मग बाकीची मागणी नोंदवा.

प्रश्न : मी सेंट्रिंग मेस्त्री. लोखंडी टोपीचा चांगला बूट घातला होता, तरी फळीतला तीन इंची खिळा तळातून वर आला. बूट नकली होता का?
— निपाणी

उत्तर : बूट अस्सल असू शकतो, फक्त तुमच्या कामाचा नव्हता. टोपी बोटांवर पडणाऱ्या वस्तूसाठी असते. तळव्याशी तिचा संबंध नाही. तळातून येणारा खिळा अडवायला तळ आणि सुखतळा यांच्यामध्ये वेगळा पडदा लागतो, आणि तो असेल तरच छापात 'पी' हे अक्षर किंवा एस१पी, एस३, एस५ यांपैकी एक खूण येते. नुसता 'एसबी' (मूळ दर्जा, फक्त टोपी) किंवा 'एस१' लिहिलेल्या बुटात तळ म्हणजे केवळ रबर किंवा फोम. खिळ्याला तो पावासारखा.

या पडद्याची चाचणी ११०० न्यूटनला होते. साडेचार मिलिमीटर जाडीचा, टोक थोडं बोथट केलेला खिळा तेवढ्या जोरानं दाबून पाहतात. ११०० न्यूटन म्हणजे साधारण ११२ किलोचा भार. आता तुमचंच काम बघा. सत्तर किलोचा माणूस, खांद्यावर पंचवीस किलोच्या फळ्या, आणि तो टेकूवरून दीड फूट खाली उडी मारतो. त्या क्षणी टाचेवर येणारा जोर त्याच्या उभ्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणजे 'पी' असलेल्या बुटालाही मर्यादा आहे. खिळ्यांच्या फळ्यांवर उडी मारायची नाही, हा नियम बूट आल्यावरही कायम ठेवा.

पडदे दोन प्रकारचे. पोलादी पत्रा बारीक खिळ्यालाही दाद देत नाही. पण तो ताठ असतो, आणि वरचा भाग ज्या साच्यावर ओढून शिवतात त्याच्या आत बसवावा लागत असल्यानं तळाच्या कडेला काही मिलिमीटरची पट्टी मोकळी राहते. विणलेल्या मजबूत धाग्यांचा कापडी पडदा कडेपर्यंत जातो, हलका असतो, पावलाबरोबर वाकतो. पण खिळा जितका बारीक तितका तो धाग्यांमधून वाट काढतो. साडेचार मिलिमीटरला पास झालेला पडदा दोन मिलिमीटरच्या चुकेला (बारीक खिळ्याला) कमी जोरात वाट देऊ शकतो. सेंट्रिंगच्या साइटवर प्लायवूड ठोकायच्या बारीक चुका सगळीकडे सांडलेल्या असतात. त्यामुळं आमचं मत स्पष्ट आहे : सेंट्रिंग खोलणाऱ्यानं पोलादी पत्र्याचाच बूट घ्यावा, थोडा जड वाटला तरी.

दुकानात ओळखायचं असं : आतला सैल सुखतळा उचला आणि टाचेच्या व चवड्याच्या जागी चुंबक लावून पाहा. चुंबक ओढ घेत असेल तर पत्रा आहे. नसेल तर पडदा कापडी आहे किंवा मुळीच नाही. तेव्हा छापातलं 'पी' शोधा. टोपीजवळ चुंबक लावून दाखवणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका, तिथं तो लागणारच.

एक काम मात्र बुटाचं नाही. खोललेल्या फळीतले खिळे त्याच दिवशी, फळी रचायच्या आधी उपटायचे. वेळ नसेल तर निदान हातोडीनं आडवे पाडायचे आणि टोकं खाली करून रचायचं. उपटलेले खिळे टाकायला डबा ठेवायचा.

आणि खिळा लागलाच, तर वरून भोक लहान दिसतं म्हणून सोडून देऊ नका. खिळा आत जाताना तळाचे, मोज्याचे कण आणि माती घेऊन जातो, आणि वरचं तोंड मिटलं की ते आत कुजतं. बूट-मोजा काढून वाहत्या पाण्याखाली साबणानं भरपूर धुवा. हळद, तंबाखू, डिझेल, सिमेंट यातलं काही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. जखम मळकी असल्यानं शेवटच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. दोन-तीन दिवसांनी ठणका वाढला, सूज आली, पाय टेकवेना, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा आणि बूट घातलेला असताना खिळा लागला होता हे आवर्जून सांगा. बुटाच्या ओलसर फोममध्ये राहणारे काही जंतू हाडापर्यंत पोचतात आणि त्यांना नेहमीची औषधं पुरत नाहीत. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये.

प्रश्न : जड वस्तू पडली की लोखंडी टोपी दबते आणि बोटं कापली जातात, असं आमच्या साइटवर सगळे म्हणतात. खरं आहे का?
— संकेश्वर

उत्तर : नाही. चाचणीत २०० ज्यूलचा घाव बसल्यावरही टोपीखाली ठरावीक जागा उरावी लागते. युरोपीय ४१-४२ मापाच्या बुटात ती १४ मिलिमीटर असते. सोळा इंच लांब, आठ इंच उंच, सहा इंच जाडीचा भरीव काँक्रीट ब्लॉक साधारण २६ किलोचा भरतो. तो गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडला तर १३० ज्यूलच्या आसपास होतात, टोपी ते सोसते. छातीच्या उंचीवरून पडला तर आकडा २०० च्या वर जातो आणि टोपी दबू शकते. पण तेवढ्या घावाखाली उघड्या बोटांचं काय झालं असतं, याचा विचार करा. चेपलेल्या टोपीतून पाय काढायला जोर लावू नका. बूट बाजूनं कापून पाय सोडवा. आणि टोपीवर एकदा जबर घाव बसला, की वरून चामडं धड दिसलं तरी तो बूट मोडीत काढा. टोपी एकदाच पुरी ताकद देते.

प्रश्न : आम्ही सहा जणी बुट्टी वाहतो. स्लॅबच्या दिवशी चपलेवर असतो, रात्री पायाची आग होते, बोटांच्या बेचक्यांत भोकं पडतात. मेस्त्रीनं पुरुषांचे सात नंबरचे गमबूट दिले. त्यात पाय खेळतो, शिडीवर अडकतो. बायकांच्या मापाचे मिळत नाहीत म्हणतात.
— हुक्केरी तालुका

उत्तर : तुमची तक्रार पूर्ण खरी आहे, आणि सैल गमबुटात शिडी चढणं नाकारलंत तर ते योग्यच आहे.

आधी आग का होते ते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो. ओल्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ ते १३ असतो, म्हणजे ते कडक क्षारच. गंमत नाही, त्यानं कातडी खरोखर जळते. पण आम्लासारखी लगेच झोंबत नाही. आधी पाय नुसता बुळबुळीत लागतो, आणि भाजल्याचं कळेपर्यंत तीन-चार तास झालेले असतात. चपलेपेक्षाही वाईट म्हणजे मोजा ओला झालेला बूट, कारण मोजा ती रबडी कातडीला चिकटवून धरतो.

म्हणून स्लॅबला घोट्यापर्यंतचा चामडी बूट चालत नाही. पाच इंची स्लॅबमध्ये उभं राहिलं की काँक्रीट बुटाच्या तोंडाशी येतं, आणि बीमच्या खोबणीत पाय गेला तर घोटा बुडतो. चामडंही या क्षारानं कडक होऊन तडकतं. नितळ रबर किंवा पीव्हीसीचा, पिंढरीपर्यंत उंच गमबूटच हवा, टोपी आणि खिळारोधक पडद्यासह. नुसता शेतातला गमबूट पाणी अडवतो, सळीचं टोक अडवत नाही. पँट बुटात खोचू नका, बुटाच्या बाहेरून सोडा. नाहीतर वरून ओघळलेलं पाणी सरळ आत उतरतं. साडीवर काम करत असाल तर आत सलवार किंवा पँट घालून ती बुटावर घ्या. भिजलेला काठ नडगीला घासत राहिला तरी तिथं भाजतं.

आता माप. स्त्रियांना बहुधा तीन ते पाच नंबर लागतो. या मापांत सुरक्षेचे बूट आणि गमबूट तयार होतात, फक्त दुकानदार ठेवत नाही, कारण कुणी मागत नाही. सहा जणींचं माप कागदावर लिहून एकदम मागणी द्यायला मेस्त्रीला सांगा. दोन मोजे घालून किंवा पुढं चिंध्या कोंबून सात नंबर घालू नका. मोठ्या बुटात पावलाची घडी जिथं पडते तिथं बूट वाकत नाही, म्हणून पायरीवर अडखळायला होतं. आणि टोपी बोटांच्या पुढं राहिल्यानं तिची कड बोटांच्या मुळावर येते. सळ्यांच्या जाळीवरून चालायला फळ्या टाकून घ्या. सहा-आठ इंचांच्या चौकटीत पाय अडकून मुरगळतो तो याच दिवशी.

स्लॅब सुरू व्हायच्या आधी स्वच्छ पाण्याचं एक पिंप आणि तांब्या जिन्याजवळ ठेवायला लावा. मिक्सरचं पाणी नको. बुटात रबडी गेली की काम थांबवून लगेच बूट-मोजा काढा आणि किमान वीस मिनिटं पाणी ओता. तूप, टूथपेस्ट लावू नका. कातडी पांढरी, जांभळी किंवा काळपट झाली, फोड आले, तर दवाखाना गाठा. याहून वेगळी एक गोष्ट आहे. काहींना सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी होते. खाज, लाली, भेगा, आणि सुट्टीत बरं वाटून कामावर आलं की पुन्हा. ती एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. तिला पावसाळी चिखल्या समजून मलम लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना काम काय करता ते सांगा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी स्वस्त मिळाले म्हणून चाळीस जोड घेऊन गोदामात ठेवले. या पावसाळ्यात वाटले, तर आठवड्यात तळाचा चुरा होऊन गळला. न वापरलेला बूट कसा खराब होतो?
— साइट सुपरवायझर, जांबोटी

उत्तर : तळ पॉलियुरेथेनचा आहे. हवेतलं बाष्प या पदार्थाची साखळी हळूहळू तोडतं, वापर असो वा नसो. पश्चिम भागातल्या पावसाळी हवेत आणि बंद पेटीत हे लवकर होतं. बूट वापरात असला की दाबला-सुटला जातो आणि त्यातला दमटपणा काही प्रमाणात बाहेर पडतो. नुसता पडून राहिलेला त्यामुळं आधी जातो. वरून तळ नवाच दिसतो. अंगठ्यानं जोरात दाबा किंवा बूट दुमडून पाहा : भेगा पडल्या, पापुद्रा सुटला, चिकट लागला, तर वाटू नका. चालता चालता तळ सुटला की माणूस पडतो.

यापुढं छापातली तयार केल्याची तारीख पाहूनच घ्या. वर्ष आणि निदान तिमाही लिहिणं मानकात बंधनकारक आहे. स्वस्तात काढलेला माल बहुधा जुना असतो. तारखेपासून दोन वर्षांत वापरात येतील एवढेच जोड घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून जमिनीपासून वर, हवेशीर जागी ठेवा. ज्यांना बारा महिने चिखलात काम आहे त्यांना नायट्राइल रबराचा तळ घ्या. जड आणि महाग पडतो, पण बाष्पानं असा विरघळत नाही.

खाचांचंही बघा. जांबोटी-कणकुंबीकडच्या तांबड्या चिकट मातीत दाट, बारीक खाचा लगेच बुजतात आणि तळ सपाट होतो. रुंद, एकमेकींपासून लांब, कडेला उघड्या असलेल्या खाचांतून माती आपोआप निसटते. छापातलं 'एसआरसी' म्हणजे साबणाच्या पाण्यातल्या गुळगुळीत फरशीवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पत्र्यावर घेतलेली चाचणी. फरशीच्या कामाला ती खूण उपयोगी. चिखलाबद्दल ती काही सांगत नाही.

ओला बूट चुलीजवळ किंवा गाडीच्या सायलेन्सरवर वाळवू नका, चामडं तडकतं आणि तळाचा जोड सुटतो. सुखतळा बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, सावलीत वाऱ्याला ठेवा.

प्रश्न : माणसं बूट घालतात आणि दुपारी काढून ठेवतात. बोट घासतं, फोड येतात म्हणतात. आळस समजायचा का?
— मुकादम, चिक्कोडी

उत्तर : आळस समजू नका, माप चुकलं आहे. वर्षानुवर्षं चप्पल घातलेल्या पायाचा चवडा पसरलेला असतो. अरुंद साच्याच्या बुटात करंगळी टोपीच्या कडेला घासते, आणि चामडं सैल होतं तशी टोपी कधीच सैल होत नाही. त्यावर एक नंबर मोठा बूट देणं हा उपाय नव्हे. मग टाच वर-खाली होते आणि तिथं फोड येतात. रुंद साच्याचा बूट मागायचा.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असताना, कामाचे मोजे घालून. कागदावर उभं करून पेन्सिल सरळ धरून पाय आखा, दोन्ही पाय, आणि मोठ्या पायाचं माप धरा. एक नंबर म्हणजे साडेआठ मिलिमीटर. लांबीबरोबर चवड्याची रुंदीही मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडा. बूट घातल्यावर सर्वांत लांब बोटापुढं १०-१२ मिलिमीटर जागा राहावी. टोपीमुळं बाहेरून दाबून ती कळत नाही, म्हणून सुखतळा बाहेर काढून त्यावर उभं राहून बघा. पाय सुखतळ्याच्या कडेबाहेर गेला तर बूट अरुंद आहे. मग उकिडवं बसून, शिडीच्या दोन पायऱ्या चढून-उतरून पाहा. उतरताना बोटं टोपीला टेकली तर तो जोड परत ठेवा.

नवा बूट पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज थोडा वाढवत आठवड्यात अंगवळणी पाडा. दोन जोड मोजे द्या आणि जेवणाच्या सुट्टीत बदलायला सांगा. बेचक्या कोरड्या राहिल्या तर चिखल्या कमी होतात.

प्रश्न : डांबराच्या कामावर बुटाचा तळ मऊ होऊन चिकटतो.
— रस्ता कामगार, रायबाग

उत्तर : गरम मिश्रण रस्त्यावर पडतं तेव्हा साधारण १४० ते १६० अंश असतं. पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसीचा तळ त्या कामाचा नाही. छापात 'एचआरओ' असलेला रबरी तळ घ्या. तो ३०० अंशांवर एक मिनिट ठेवून तपासलेला असतो. 'एचआय' अशीही एक खूण असते, ती तळातून आत येणारी उष्णता कमी करते. दोन्ही असतील तर उत्तम. नायलॉनचे मोजे नकोत, सुती घाला. खाचांत अडकलेलं डांबर डिझेलनं पुसू नका, थंड झाल्यावर लाकडी काडीनं खरवडा.

प्रश्न : वायरमनला टोपीचा बूट चालतो का? पेटीवर 'ॲन्टिस्टॅटिक' लिहिलंय, म्हणजे शॉक लागणार नाही ना?
— बेळगाव

उत्तर : उलट आहे. ॲन्टिस्टॅटिक बुटाचा तळ अंगातली स्थिर वीज हळूहळू जमिनीत सोडण्यासाठी थोडा वाहक ठेवलेला असतो. चालू तारेपासून तो वाचवत नाही. विजेच्या कामासाठी वेगळा विद्युतरोधक बूट मिळतो, त्यावर तो किती व्होल्टपर्यंत आहे हे लिहिलेलं असतं. तो बिगरधातू टोपीचा आणि बिगरधातू पडद्याचा मागा. ओला झाला, तळाला खिळा रुतून राहिला, की त्याचाही भरवसा संपला. साइटच्या तात्पुरत्या बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे बुटाच्या आधी बघा.

प्रश्न : बुटाचे आठशे रुपये गुत्तेदारानं पगारातून कापले. द्यावे लागतात का?
— बिगारी, कागवाड

उत्तर : नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० प्रमाणं कामाच्या जागी सुरक्षेसाठी दिलेल्या गोष्टींचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. ओल्या काँक्रीटमध्ये किंवा पाण्यात काम करणाऱ्याला जलरोधक बूट द्यायचे, हे तर बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतही होतं. आधी गुत्तेदाराशी बोला. ऐकत नसेल तर हजेरीचा आणि कापलेल्या रकमेचा काही पुरावा, अगदी मोबाइलवरचा संदेशही, जपून ठेवा आणि तालुक्याच्या कामगार निरीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या अथणीत एवढं चांगलं चामडं, एवढे कारागीर. पत्रा घालून साइटचे बूट इथंच शिवून घेतले तर स्वस्त पडतील ना?
— लहान गुत्तेदार, अथणी

उत्तर : तुमची तळमळ समजते. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं इथलं चामडं आणि इथली शिलाई यांना तोड नाही. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातलेही चार जिल्हे आहेत. पण पायताण आणि हा बूट यांची कामं वेगळी. टोपीचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं. बाजारातला साधा पत्रा वाकवून बसवला तर तो घावाखाली दुमडतो आणि बोटांवर बसतो. ज्या भीतीबद्दल संकेश्वरच्या वाचकांनी विचारलं, ती तशा टोपीबाबत खरी ठरेल. तळात घातलेला साधा पत्रा हजारो वेळा वाकून मोडतो आणि त्याची धार पायाला लागते. शिवाय आयएसआय परवान्याशिवाय असे बूट सुरक्षेचे म्हणून विकता येत नाहीत.

दुरुस्तीसाठी मात्र आपल्या कारागिराकडे जरूर जा. वरच्या चामड्याची उसवलेली शिवण, तुटलेले नाडीचे डोळे, फाटलेलं घोट्याचं अस्तर, नवा सुखतळा हे सगळं तो कारखान्याइतकंच चांगलं करतो. त्याला तीन गोष्टी सांगून ठेवा : टोपीवर खिळा मारायचा नाही, तळातून आरपार टाके घालायचे नाहीत, आणि साच्यात ओतून चिकटवलेला तळ सुटला असेल तर पुन्हा लावून द्यायचा नाही. टाके घातले की पडद्याला भोकं पडतात आणि बुटात पाणी शिरायला वाट मिळते. टोपीचं लोखंड उघडं पडलं, खाचा झिजून तळ सपाट झाला किंवा बूट वाकवल्यावर आडवी भेग उघडली, तर त्या जोडाच्या नाड्या आणि सुखतळा काढून घ्या आणि बूट कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून घालणार नाही.